परत फिरायचा हक्क

मालवणहून कसालच्या रस्त्याला लागलं की चौके मागे पडतं आणि थोड्याच वेळात आमचं कट्टा येतं. बाजारपेठ, हायस्कूल, एसटीचा थांबा, भोवती माड-पोफळी आणि काजूची कलमं. इथून समुद्र दिसत नाही. तो रोज सकाळी मासेवाल्या बायकांच्या पाट्यांतून आमच्याकडे येतो. तरीही घरोघरी बोलणं समुद्राचंच असतं. कोणाचा मुलगा तारकर्लीला स्कुबा शिकवतो, कोणाच्या मेहुण्याची होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या करते, कोणी देवबागला न्याहरी-निवास चालवतो.

यंदा दिवाळीला आमच्या वन्सं आणि त्यांचा मुलगा बोरिवलीहून आले होते. नव्यानं सारवलेल्या खळ्यात, जेवणं आटोपल्यावर, मामा-भाच्यात जे बोलणं रंगलं ते मी इथे मांडते आहे. भाच्यानं दोन मित्रांना घेऊन एक बेत आखला आहे. चाळीस फुटांचं शिडाचं आरामदायी कॅटामरान आणायचं, मालवणला ठेवायचं, आणि ऑक्टोबर ते मे या दिवसांत ते एका वेळी एकाच कुटुंबाला दिवसभरासाठी भाड्यानं द्यायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आमच्या ह्यांची सगळी नोकरी बंदर खात्यात गेली. त्यांना हा बेत पटला नाही. दोघंही मनापासून बोलत होते, म्हणून दोघांचंही म्हणणं देते. माझं मत शेवटी सांगेन.

भाचा : मामा, आपल्याकडे आलेला पर्यटक समुद्रावर किती वेळ असतो? किल्ल्यावर जायचं तर आधी जेट्टीवर रांग. मग होडी भरेपर्यंत थांबा, पलीकडे उतरा आणि घड्याळाकडे बघत किल्ला उरका. स्कुबाला गेलं तर पाण्यात उतरा, फोटो काढा, वर या, पुढचा माणूस थांबलाय. डॉल्फिन दिसला की सात-आठ बोटी त्याच्या मागे. रात्रभर गाडी चालवून माणूस इथे येतो तो निवांत बसायला, आणि इथे येऊन पुन्हा रांगेतच उभा राहतो. मला त्याला समुद्रावरचा एक आख्खा दिवस द्यायचा आहे.

मामा : ऐकायला गोड आहे. पण तू जो दिवस द्यायला निघालास तो दर्याच्या हातात असतो. आधी बोट कसली ते नीट सांग.

भाचा : दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यावर एकच डेक बांधावं, तशी. लांबी चाळीस फूट आणि रुंदी वीस-बावीस. एवढी रुंद असल्यामुळे ती फारशी डुलत नाही. शिडात वारा भरला तरी टेबलावरचा चहाचा पेला जागेवर राहतो. पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं असतं, त्यावर पालथं पडून खालचं पाणी बघता येतं. मागे पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. साध्या शिडाच्या बोटीला तोल सांभाळायला पाण्याखाली खोल, जड कणा लागतो. तो हिला लागत नाही, म्हणून साडेचार-पाच फूट पाण्यातही ती तरते. आपल्या खडकाळ, उथळ किनाऱ्याला हीच बोट सोयीची.

मामा : यातलं मर्म आपल्या लोकांना जुनंच ठाऊक आहे. उलांडीची होडी तू लहानपणी बघितली आहेस. अरुंद होडी, तिच्या एका अंगाला बाहेर काढलेल्या दोन आडव्या काठ्या, आणि काठ्यांच्या टोकाला होडीशी समांतर बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. ती उलांडी. होडी त्या अंगाला कलली की ओंडका पाण्यावर टेकून तिला सावरतो. दुसऱ्या अंगाला कलली तर त्याचं वजन तिला मागे खेचतं. सांधा दोरीनं आवळलेला असतो, त्यामुळे लाटेबरोबर तो जरासा हलतो आणि तुटत नाही. तुझी कोट्यवधींची बोट वेगळं काय करते?

भाचा : तेच करते! नावसुद्धा आपल्याच देशातलं आहे. कॅटामरान हा शब्द तमिळ कट्टुमरमवरून इंग्रजीत गेला. कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे ओंडके बांधून केलेले तराफे बघून गोऱ्या खलाशांनी तो शब्द उचलला आणि पुढे पॅसिफिकच्या बेटांवरच्या जोडहोड्यांनाही तोच लावला. आजच्या बोटीचा घाट त्या जोडहोड्यांचा आणि नाव तमिळ. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफची ॲमरिलिस नावाची अशी जोडहोडी भल्याभल्या बोटींना मागे टाकून गेली. मग हरकती आल्या आणि असल्या बोटींना शर्यतीतून बाद केलं गेलं. नवं काही आलं की जुनी मंडळी आधी दार लावतात. आज गेटवेहून मांडव्याला जाणारा माणूस सहज कॅटामरानचं तिकीट मागतो. मालवणातच ती परकी का वाटावी?

मामा : परकी आहे असं मी म्हटलं नाही. पण तिची एक खोड तू सांगितली नाहीस. खोल कण्याची बोट वाऱ्यानं आडवी पडली तरी खालच्या वजनामुळे पुन्हा उभी राहते. जोडहोडी सहसा उलटत नाही, पण उलटली तर उलटीच राहते. दुसरं असं की साधी बोट वारा वाढला की कलायला लागते, आणि आता शीड कमी करा हे तीच सांगते. तुझ्या बोटीचं डेक सपाट राहतं, त्यामुळे वारा किती वाढला हे वर बसलेल्याला कळतच नाही. म्हणून तिच्यावरचा तांडेल साध्या बोटीवरच्या तांडेलापेक्षा जास्त जाणता हवा.

भाचा : तो तर घेणारच.

मामा : आता रस्ता सांग.

भाचा : सकाळी साडेसातला मालवणहून निघायचं. आधी किल्ल्याला पाण्यातून सावकाश वळसा. मग दक्षिणेला तारकर्ली, देवबाग, कर्ली नदीचं मुख डावीकडे ठेवून भोगव्यापर्यंत, जमलं तर निवतीपर्यंत. तिथे नांगर टाकून जेवण, पोहणं, दुपारची झोप. साडेतीनला निघून सूर्य मावळायच्या आत मालवण.

मामा : आणि परत येणार कशावर? हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, हलका आणि सरळ. तो मध्यान्हीच्या आधी पडतो. थोडा वेळ सगळं स्तब्ध. मग समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि आपल्याकडे दुपारी तो वायव्येचा असतो. निवतीहून साडेतीनला निघालास की तो बरोबर तोंडावर. शिडावर नागमोडी यायचं म्हटलं तर वाटेत अंधार. म्हणून दोन्ही इंजिनं चालू करायची, आणि समोरच्या लाटा दोन होड्यांच्या मधल्या डेकच्या तळावर धाडधाड आपटणार. दिवसभर निवांत बसलेलं कुटुंब शेवटचे दोन तास कठडा धरून ओकत बसेल.

भाचा : मग?

मामा : रस्ता उलटा कर. सकाळच्या मतलईवर उत्तरेला जा. तो वारा कुशीत येतो, त्यावर उत्तर काय आणि दक्षिण काय, सारखंच. चिवला, कोळंब, सर्जेकोट, तळाशील, तोंडवळी करत आचऱ्याच्या बाजूला जा. दुपारी वायव्येचा वारा सुटला की तो पाठीशी घेऊन मालवणला ये. येताना बोट आपसूक चालेल, इंजिनाचा आवाज नाही, आणि मावळतीच्या उन्हात किल्ल्याचा तट समोर येईल. निवती हवीच असेल तर वारा मंद असलेल्या दिवशी. नाहीतर बारा वाजायच्या आत मागे वळायचं.

भाच्यानं खिशातून फोन काढून हे सगळं टिपून घेतलं. इथवर दोघांत भांडण असं नव्हतंच. दोघांनाही समुद्र आवडतो, आणि बोटीचं बोलणं निघालं की ह्यांचा चेहरा उजळतो. खरा मतभेद पुढे आला.

मामा : बोटीचं झालं. आता किनाऱ्याचं बोल. मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातला. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. चाळीस फुटी बोटीचा नांगर आणि त्याची साखळी त्या खडकावरून एकदा घासली तर वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मिनिटभरात मोडतं. तुझं कुटुंब वर सोलकढी पीत असेल, त्यांना कळणारही नाही.

भाचा : गाभ्यात नांगर टाकायचा नाही, हे आम्ही लिहूनच ठेवलं आहे. थांबायचं ते वाळूच्या तळावर. जिथे रोज थांबायचं तिथे परवानगी घेऊन कायमची बोया बसवायची आणि बोट तिला बांधायची. नांगराचा प्रश्नच उरत नाही.

मामा : आणि बोटीवरचा संडास? दहा माणसं दिवसभर बोटीवर असणार.

भाचा : त्याला टाकी असते. समुद्रात सोडायचं नाही, किनाऱ्यावर आणून रिकामी करायची.

मामा : किनाऱ्यावर कुठे? मैल्याची गाडी कोण बोलावणार, त्याचे पैसे कोण देणार, आणि कोणी बघत नसताना खलाशी तो नळ उघडणार नाही याची खात्री कोण देणार? माझं ऐक, बोटीवरच्या गालिच्याआधी या टाकीची व्यवस्था कर. ती नसेल तर बोट आणू नकोस.

भाचा : बरोबर आहे. हे आम्ही अर्धवट सोडलं होतं.

मामा : तिसरी गोष्ट जाळ्यांची. सर्जेकोटचा, दांडीचा, देवबागचा माणूस ज्या पाण्यात जाळी टाकतो त्याच पाण्यातून तू जाणार. किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा वाडीच्या वाडी दोराला लागलेली असते आणि जाळ्याचा अर्धगोल समुद्रात दूरवर पसरलेला असतो. तुझ्या बोटीला एकाऐवजी दोन पंखे. एखादं जाळं त्यात सापडलं तर गरीब माणसाचा हंगाम गेला. मासेमारीवर पोट असलेल्या लोकांनी गेली कित्येक वर्षं मोठ्या यांत्रिक बोटींशी भांडण चालवलं आहे. त्यात आता मौजेची बोट कशाला?

भाचा : मामा, इथे मला तुमचं पटत नाही. समुद्र फक्त मासे काढण्यासाठी आहे, असं म्हणून किती दिवस चालेल? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. लोक येणारच. प्रश्न एवढाच की ते कसे येतात. दोनशे माणसं दोनशे फेऱ्यांनी डॉल्फिनच्या अंगावर घालायची, की दहा माणसं एका बोटीत दिवसभर शांत बसवायची? माझ्या बोटीवर तांडेल, दोन खलाशी आणि एक स्वयंपाकी लागेल. ही माणसं इथलीच असतील. जेवण देवबागच्या बचत गटाकडून घेईन. जो माणूस आज अशा बोटीसाठी गोव्याला जातो, तो मालवणात थांबेल. किल्ल्याच्या होडीवाल्याचं गिऱ्हाईक मी पळवत नाही.

मामा : आज पळवत नाहीस. उद्या तुझं बघून पुण्या-मुंबईचा पैसा येईल आणि दहा बोटी उभ्या राहतील. मग जेट्टीवर जागा कोणाची, यावरून भांडणं लागतील.

भाचा : म्हणून सुरुवात नीट व्हायला हवी. मेरीटाइम बोर्डाची नोंदणी, दर वर्षी तपासणी, किती माणसं चढवायची तो आकडा बोटीवर ठळक लिहिलेला, विमा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. जी बोट हे पाळणार नाही तिला बंदर नको. तुम्हीच आयुष्यभर हे केलंत. हा धंदा तुमच्यासारख्या माणसांच्या नजरेखाली उभा राहिला तर वाईट का होईल?

हे थोडा वेळ गप्प बसले. मग नोकरीतली एक गोष्ट सांगितली. ती मी पूर्वीही ऐकली होती, पण त्या रात्री तिचा अर्थ मला नीट लागला.

मामा : शहरातल्या काही मंडळींनी आख्खी बोट दिवसभरासाठी घेतली होती. पैसे आगाऊ मोजलेले. सकाळी तांडेल म्हणाला, आज हवेचं लक्षण बरं नाही, जवळच फिरून येऊ. मंडळी ऐकेनात. आम्ही बोट घेतली आहे, आम्ही सांगू तिथे चला. मालकाला फोन गेला. मालक म्हणाला, जा. ते गेले. परतताना पंख्यात तुटकं जाळं अडकलं, इंजिन बंद पडलं आणि अंधार पडेपर्यंत बोट वाहत राहिली. सगळे सुखरूप आले, म्हणून ती कुठे छापून आली नाही. दुसऱ्या दिवशी तो तांडेल माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, माका कळत हुता. पण नाय म्हणूचो अधिकार माझो नव्हतो."

रामदास बोट आठव. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, पावसाळ्याचे दिवस, बोट माणसांनी भरलेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. २०२२ साली मे महिन्याच्या २४ तारखेला आपल्या तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाचे शेवटचे दिवस होते. २०२४ च्या डिसेंबरात मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, १५ माणसं गेली. तिथे धडक बाहेरून बसली, पण बोटीवर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. जास्त माणसं चढवू नका, आज बाहेर जाऊ नका, जॅकेट घातल्याशिवाय निघणार नाही, हे बोलायला बोटीवर कोणीतरी लागतं. आणि त्याचं ऐकावं लागतं. ज्यानं दिवसाचे भरपूर पैसे मोजले आहेत तो ऐकेल का? तुझ्या बेतात मला हीच भीती आहे.

भाचा : आणि मला वाटतं, याचं उत्तर आख्खी बोट भाड्यानं देण्यातच आहे. माणशी तिकीट असलं की मालकाला फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि होडी भरावी लागते. चार माणसं कमी चढवली तर चार तिकिटांचं नुकसान, एक फेरी रद्द केली तर आख्ख्या फेरीचं. सगळी घाई तिथून येते. दिवसाचं भाडं एकदाच ठरलं की दहाच्या जागी बारा माणसं चढवून मालकाला काही जास्त मिळत नाही. निवतीला गेलो काय आणि किल्ल्यामागे आडोशाला थांबलो काय, भाडं तेच. मग तांडेलानं घाई का करावी?

मामा : मालकाची घाई गेली. गिऱ्हाईकाची राहिली.

भाचा : तीही घालवायची. बुकिंगच्या कागदावर पहिलंच कलम लिहायचं, की रस्ता, थांबा आणि परतीची वेळ तांडेल ठरवेल. सकाळी त्यानं नको म्हटलं तर पूर्ण पैसे परत. अर्ध्यातून परत फिरला तर उरलेल्या वेळेचे पैसे परत, आणि तांडेल-खलाशांचा रोज मात्र पूर्ण. परत फिरण्याचं नुकसान आम्ही तिघं भागीदार सोसू. हंगामात असे किती दिवस जातील ते धरूनच भाडं ठरवू.

मामा : हे लिहून देशील?

भाचा : पहिल्या पानावर.

इतका वेळ वन्सं ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना खळ्यात खाली बसता येत नाही. त्या आपणहून बोलायला लागल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येताना त्या मुंबईच्या बोटीनं आल्या होत्या. बोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना आणायला पडाव जात. बोटीच्या अंगावरच्या शिडीनं उतरायचं, आणि खाली पडाव लाटेबरोबर वर-खाली होत असायचा. तो वर आला की पाय टाकायचा. मागून लोक ढकलत होते, चला, चला. वन्संची वेळ चुकली. पाय टाकला तेव्हा पडाव खाली गेलेला. एका खलाशानं त्यांचं मनगट वरच्यावर धरलं, हातातल्या दोन बांगड्या पिचल्या, आणि पुढच्या लाटेला त्यानं त्यांना पडावात घेतलं. कट्ट्याला पोचेपर्यंत त्या रडत होत्या. त्या दिवसानंतर वन्सं होडीत बसलेल्या नाहीत. जन्म कट्ट्याचा, पण सिंधुदुर्ग किल्ला त्यांनी पाहिला तो फक्त किनाऱ्यावरून.

"माका किल्लो पाण्यातसून बघूचो आसा," त्या म्हणाल्या. "पण पाय टाकताना कोणी घाय करूची नाय."

तेव्हा मला कळलं की भाच्याच्या डोक्यात हा बेत कुठून आला. ज्या बोटीच्या पायऱ्या पाण्यापर्यंत येतात आणि जिचं डेक हलत नाही, ती त्याला आधी आपल्या आईसाठी हवी आहे.

आता माझं मत. मी दोघांचं ऐकलं आणि मला वाटतं की ही बोट यावी. समुद्र किनाऱ्यावरच्या सगळ्यांचा आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना भीती वाटते, ज्यांना धावत-पळत पाण्यात उतरायचं नाही, त्यांचाही आहे. आज आमच्या किनाऱ्यावर अशा माणसांची सोय फार थोडी आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्या किल्ल्याची पायाभरणी केली, तो पाण्यातून बघावा असाच बांधलेला आहे. जवळ गेलं तरी त्याचा दरवाजा पटकन सापडत नाही, तट वळत जातो आणि बुरुजांच्या आडून अचानक वाट दिसते. हे किनाऱ्यावरून कळत नाही, आणि फेरीच्या होडीतून बघायला वेळ मिळत नाही.

पण ती ह्यांच्या अटींवर यावी. पहिली अट सगळ्यांत मोठी: नको म्हणण्याचा शेवटचा अधिकार तांडेलाचा, आणि नको म्हटल्याबद्दल त्याचा एक रुपयाही बुडू नये. आणि तो तांडेल या किनाऱ्यावर वाढलेला असावा. वाळूचा बांध कर्लीच्या मुखाशी कुठे सरकला आहे, कोणत्या दिवशी कोणाची जाळी कुठे पडली आहेत, उधाण कधी आणि भांग कधी, हे बाहेरून आलेल्या कितीही हुशार माणसाला पहिल्या हंगामात कळणार नाही. दुसरी अट, बोटीवरून समुद्रात काही पडू नये, ना नांगर प्रवाळावर, ना मैला पाण्यात. डॉल्फिन दिसला तर इंजिन मंद करून लांब थांबावं, तो जवळ आला तर आपलं भाग्य. तिसरी अट, वाटेत रापण दिसली किंवा जाळ्याचे बोये दिसले तर बोटीनं वळसा घ्यावा, मग उशीर झाला तरी चालेल. दिवस भाड्यानं घेतलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या वळशाचं दुःख वाटता कामा नये. मे महिन्याच्या उत्तरार्धात, समुद्र फुगायला लागला की परवानगीची मुदत संपायची वाट न बघता बोट वर काढावी.

या अटी फक्त कॅटामरानला लावून भागणार नाही. वाचकहो, तुम्ही मालवणला या, गोव्याला जा, नाहीतर मुंबईहून मांडव्याला निघा. आख्खी बोट घ्या किंवा माणशी तिकीट काढा. चढण्याआधी तांडेलाला एवढं विचारा: किती माणसांचा परवाना आहे, जॅकेट कुठे आहे, आणि आज हवा कशी आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो देईल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघा. तो घुटमळला तर किनाऱ्यावर थांबा आणि घरच्या मुलांनाही थांबवा. तो अर्ध्या वाटेतून मागे वळतो म्हणाला तर पैशांचा विषय काढू नका. त्याला फक्त "बरं" म्हणा.

भाच्याची बोट पुढच्या हंगामात आली तर पहिल्या दिवशी त्यात वन्सं असतील, आणि त्यांच्या शेजारी आमचे हे. तांडेल दांडीचा असेल, एवढं त्या रात्री खळ्यात ठरलं आहे.